वाइनने पोट बिघडत असेल, तर कमी अल्कोहोलची कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की दोन-चार घोटांतच पोटात जळजळ सुरू होते, तरी चार माणसांत बसल्यावर एखादा ग्लास घ्यावासा वाटतो, तर हलकी वाइन कोणती? मी यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मलाही आधी वाटायचं की बाटलीवरचा अल्कोहोलचा आकडा कमी म्हणजे पोटाला त्रास कमी. एका मित्राने इटलीहून मोस्कातो द'आस्ती आणली होती. जेमतेम साडेपाच टक्के, गोड, बारीक बुडबुड्यांची. जेवणाआधी रिकाम्या पोटी दोन ग्लास घेतले. तासाभरात पोट ढोलासारखं फुगलं आणि रात्रभर आंबट ढेकरा येत राहिल्या. तेव्हा कुठे मी वाइन कशी बनते ते नीट समजून घेतलं.

रसातली साखर आंबून तिचं अल्कोहोल होतं. त्यामुळे आकडा खाली ठेवायचे मार्ग मोजकेच. एक तर आंबणं मध्येच थांबवायचं, मग साखर मागे उरते. मोस्कातोत लिटरला १०० ग्रॅमच्या पुढेही साखर असते. किंवा द्राक्षं लवकर तोडायची, मग आंबटपणा जास्त. पोर्तुगालची विन्हो व्हेर्दे ९ ते ११ टक्क्यांची असते, पण चांगलीच आंबट. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची रीसलिंग 'काबिनेट' (पांढऱ्या वाइनचा हलका प्रकार) ८-९ टक्क्यांची, तीही आंबटच, आणि बऱ्याचदा गोडही. तिसरा मार्ग म्हणजे तयार वाइनमधून अल्कोहोल काढून टाकायचं. त्यातही आम्ल तसंच राहतं आणि चव भरून काढायला अनेकदा साखर घालतात. आपल्या नाशिकची द्राक्षं जानेवारी ते मार्चच्या उन्हात छान पिकतात, म्हणून इथली वाइन बहुतेक १२ ते १४ टक्क्यांची.

म्हणून आधी स्वतःचा त्रास ओळखा. पोट फुगत असेल तर बुडबुडेवाली वाइन नकोच. गोडाने पोट ढिलं होत असेल तर मोस्कातो तुमच्यासाठी नाही. जळजळ होत असेल तर आंबट पांढऱ्या वाइन टाळा. शिवाय बियर आणि वाइन ही आंबवलेली पेयं जठरातलं आम्ल वाढवतात, आणि त्यात एकट्या अल्कोहोलचा हात नसतो. जळजळवाल्यांचं नुसत्या आकड्याने भागत नाही ते यामुळे.

अजून एक. गोव्याला गेलेली मंडळी गोड पोर्ट वाइन 'हलकी' समजून घेतात. गोड म्हणजे हलकी नव्हे. पोर्तुगालच्या अस्सल पोर्टमध्ये वरून स्पिरिट घातलेलं असतं, ती १९ ते २२ टक्क्यांची असते. कुठलीही बाटली घ्या, लेबलवरचा आकडा वाचल्याशिवाय ग्लास भरू नका.

आणि हे कळकळीने सांगतो: काळी शौच, उलटीत रक्त, विनाकारण वजन उतरणं, पाठीपर्यंत जाणारी पोटदुखी यातलं काहीही असेल तर वाइन निवडत बसू नका, डॉक्टरांकडे जा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर त्या काळात थेंबही नको. तुम्हाला घेतलीच पाहिजे असंही काही नाही. कोकम सरबताचा ग्लास हातात धरून मी कित्येक बैठका आनंदात काढल्यात.

आता मी काय करतो ते. जर्मनीत वाइनमध्ये सोडा घालून 'वाइनशोर्ले' पितात. सोड्याने मला फुगतं, म्हणून मी साधं गार पाणी घालतो. जेवण निम्मं झाल्यावर, म्हणजे वरण-भात पोटात गेल्यावर, ७५ मिली शेनिन ब्लांक (पांढरी वाइन) आणि तेवढंच पाणी. १२ टक्क्यांची वाइन ६ वर येते. १५० मिलीच्या अख्ख्या ग्लासात १८ मिली अल्कोहोल गेलं असतं, ते ९ वर येतं आणि आंबटपणाही पातळ होतो. पहिल्यांदा चव फिकी वाटली. वाइनवाले मित्र अजूनही नाक मुरडतात. पण तो एक ग्लास मी पाऊण तास पुरवतो, दुसरा घेत नाही, जेवणानंतर दोन तास आडवा होत नाही, आणि रात्री उशाशी अँटासिडची बाटली ठेवावी लागत नाही.