प्रवासामुळे आयुष्याच्या अर्थाबद्दलचे तुमचे मत बदलले का?

होय, बदलले, आणि ते तंजावरात बदलले.

राजराज चोळाने बांधलेल्या आणि १०१० च्या सुमारास पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातील भिंतींवर, सरफोजी राजे दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे. सगळीकडे तमिळ ऐकत दोन दिवस काढल्यावर दगडावर देवनागरीतील मराठी दिसली तेव्हा माझे डोळे भरून आले. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तेथे स्थापन केलेले राज्य १८५५ साली शेवटचे राजे निपुत्रिक वारल्यावर कंपनीने खालसा केले, तरी हा लेख टिकून आहे. तो वाचताना मला वाटले की माणसाने मागे ठेवावे ते असेच, पुसता न येणारे.

त्याच संध्याकाळी एका परिचितांच्या ओळखीने मी तेथील एका मराठी घरी गेलो. हे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, घरात मराठी बोलतात आणि बाहेर तमिळ. घरातील आजींना मी शिलालेखाविषयी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या की लहानपणापासून तो पाहत आले आहे, पण ती अक्षरे मला येत नाहीत. मग त्यांनी आतून एक वही आणली. तिच्यात त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेल्या पदार्थांच्या कृती होत्या, भाषा मराठी आणि लिपी तमिळ. आता मला एक अक्षर वाचता येईना. त्या वाचू लागल्या आणि उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेले डांगर, आमच्या घरी माझी आई करते तेच, हेल वेगळा असूनही मला लख्ख कळले.

तमिळ लिपीत क, ख, ग आणि घ या चारही वर्णांसाठी एकच अक्षर आहे. म्हणजे त्या वहीत ‘गूळ’ आणि ‘कूळ’ सारखेच दिसतात, आणि ज्याच्या तोंडात तो शब्द आधीपासून आहे त्यालाच ते नीट वाचता येतात. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. दगडावरचा मजकूर मला वाचता येत होता खरा, परंतु तंजावरात मराठी जिवंत ठेवली ती अशा घरांतील बायकांनी, रोज स्वयंपाक करताना मुलांशी बोलून, आणि त्यांपैकी कोणाचेही नाव कुठे कोरलेले नाही. आपण मागे काय ठेवणार या चिंतेत मी पुष्कळ वर्षे घालवली होती. आज मुलीशी काय बोललो, आईकडून काय शिकायचे राहिले, हे प्रश्न मला आता अधिक निकडीचे वाटतात.

निघण्यापूर्वी आजींनी डांगराची कृती पुन्हा सावकाश सांगितली आणि मी ती देवनागरीत उतरवून घेतली. मग त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि ‘डांगर’ यातले ‘ग’ कोणते, ते बोट ठेवून दाखवायला सांगितले.