ब्राझीलचे 'शांशादा' सिनेमे, म्हणजे कार्निवलच्या गाण्यांचे स्वस्तातले विनोदी सिनेमे, बंद का पडले? टीव्ही आला म्हणून, की लोकांची अभिरुची सुधारली म्हणून?

टीव्हीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, निम्मं उत्तर तेच आहे. पण पुढचं "अभिरुची सुधारली म्हणून" वाचलं आणि हातातलं काम सोडून लिहायला बसले, कारण हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मला काही वर्षांपूर्वी भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलंय आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देते.

मी पोर्तुगीज भाषांतराची कामं करते. २०१२ ते २०१४ कामासाठी रिओला होते, तिजुका भागात एका आजींच्या घरात भाड्याने खोली घेतली होती. आजींचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास. एकट्याच राहायच्या, मला "मिन्या फिल्या" म्हणजे माझी लेक म्हणायच्या. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळ्या घेवड्याचे दाणे पसरून खडे निवडत बसायच्या, समोर छोटा टीव्ही, त्यावर केबलचं जुने ब्राझिलियन सिनेमे दाखवणारं चॅनल. मी पण एका बाजूने निवडायला बसायचे, हे काम आपल्या घरी लहानपणापासून केलेलं असतं त्यामुळे भाषा अडत नाही.

एका रविवारी १९४९ सालचा 'कार्नावाल नो फोगो' लागला होता. त्यात तो प्रसिद्ध बाल्कनीचा सीन आहे. खाली रोमिओ झालेला विनोदी नट ओस्कारितो, आणि वर ज्युलिएट म्हणून ग्रांदे ओतेलो, काळासावळा बुटका माणूस, डोक्यावर सोनेरी वेण्यांचा टोप. आजींचा हात थांबला, दाणे तसेच मुठीत, आणि पडद्यावरचा प्रत्येक डायलॉग त्या अर्धा सेकंद आधी ओठांतल्या ओठांत म्हणायला लागल्या. मी हसत होते. सीन संपल्यावर त्या म्हणाल्या की हा ओतेलो हे करत होता त्याच दिवसांत त्याच्या बायकोने मुलाचा आणि स्वतःचा जीव घेतला होता. खरंच तसं झालं होतं, ह्या सिनेमाचं शूटिंग चालू असतानाच. त्यानंतर तो सीन मला पुन्हा आधीसारखा बघता आलेला नाही.

मग त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील ट्रामच्या रुळांच्या दुरुस्तीवर होते, लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या काळात ब्राझीलमधली जवळजवळ निम्मी मोठी माणसं निरक्षर होती, ते काही एकटे नव्हते. थिएटरात बहुतेक अमेरिकन सिनेमे लागायचे, बोलणं इंग्रजी आणि खाली पोर्तुगीज अक्षरं. शाळेत जाणारी ही मुलगी बाबांच्या कानाशी लागून पट्टी वाचून दाखवायची, मागचे लोक शुक शुक करायचे, मग बाबा म्हणायचे राहू दे, नंतर सांग. घरी येताना ट्राममध्ये गोष्ट कळायची. शांशादा बघताना मात्र ते सगळ्या थिएटरबरोबर, सगळे हसतात त्याच क्षणाला हसायचे. आजी म्हणाल्या, माझ्या बाबांचं हसणं मी लांबून ओळखायचे आणि ते मला फक्त ह्याच सिनेमांना ऐकू यायचं.

हे सगळं मी सांगतेय कारण शांशादा कोणासाठी होते हे कळल्याशिवाय ते का संपले हे कळत नाही. कार्निवलच्या आधी जानेवारी-फेब्रुवारीत रिलीज व्हायचे, त्यात त्या वर्षीची कार्निवलची गाणी असायची, रेडिओवर ज्यांचा फक्त आवाज ऐकलाय ते गायक-गायिका पडद्यावर प्रत्यक्ष दिसायचे. गोष्ट साधी, एक नायक-नायिका, एक खलनायक, चोरीला गेलेली अंगठी नाहीतर बदललेली बॅग, आणि अधूनमधून ओस्कारितो-ओतेलो. लोक फक्त त्या दोघांसाठी यायचे. ओस्कारितो सर्कसवाल्यांच्या घरातला, स्पेनमध्ये जन्मलेला, आणि त्याचं अंग बघितलं की ते कळतं, रबरासारखं वाकतं.

आता धंद्याची बाजू. अत्लांतिदा ही ह्यातली मुख्य कंपनी, १८ सप्टेंबर १९४१ ला रिओत सुरू झाली आणि सुरुवातीला ह्यांना गंभीर सिनेमेच काढायचे होते, पहिला कथापट ओतेलोच्याच आयुष्यावर बेतलेला होता. १९४६ मध्ये सरकारने नियम काढला की प्रत्येक थिएटरने वर्षाला किमान तीन देशी सिनेमे दाखवायचेच. मग लुइझ सेव्हेरियानो रिबेरो ज्युनिअर, ज्यांच्याकडे देशातली सगळ्यात मोठी थिएटरांची साखळी होती, त्यांनी १९४७ मध्ये अत्लांतिदाचे बहुतेक शेअर्सच घेऊन टाकले. देशी सिनेमा दाखवावाच लागणार आहे ना, मग आपलाच दाखवू, वितरण आपलं, थिएटर आपलं, पैसा घरातच. ह्यामुळे शांशादा पंधरा वर्षं दणकून चालले आणि माझ्या मते ह्यामुळेच संपले पण. मालक थिएटरवाला, त्याचा खरा धंदा पडदा भरता ठेवण्याचा. स्टुडिओत पैसे घालायची, रंगीत काढायची, नवीन लेखक आणायची त्याला गरजच नव्हती. तिकिटाचे दर सरकार ठरवायचं, महागाई वाढतेय, दर वाढत नाहीत, म्हणजे स्वस्तात काढला तरच परवडणार. जोपर्यंत लोकांना दुसरीकडे कुठे हे हसू मिळत नव्हतं तोपर्यंत चाललं.

मग दुसरीकडे मिळायला लागलं. ब्राझीलमध्ये टीव्ही सुरू झाला १८ सप्टेंबर १९५० ला, साओ पावलोत टीव्ही तुपी. तारीख बघा, अत्लांतिदाला बरोब्बर नऊ वर्षं झाली त्या दिवशी. सुरुवातीला सेट फक्त श्रीमंतांकडे, पण त्यांच्याकडे एक शब्दच तयार झाला, 'टेलेव्हिझिन्यो', म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जाऊन टीव्ही बघणारा. आजींचे वडील पण संध्याकाळी समोरच्यांकडे जाऊन दारात उभे राहून बघायचे. आणि त्यांना तिथे कोण दिसत होतं? तेच लोक. रेडिओवरचे गायक टीव्हीवर गेले, विनोदी नट गेले, लिहिणारे गेले. कार्लोस मांगा, अत्लांतिदाचा सगळ्यात हुशार दिग्दर्शक, तो पुढे टीव्हीतच मोठा झाला. झेझे मासेदो म्हातारी होईपर्यंत टीव्हीवर लोकांना हसवत होती. म्हणजे प्रेक्षकाला ते आवडेनासं झालं नव्हतं, त्याला तेच घरात, बसायला खुर्ची मिळाली तर बसून, फुकट मिळायला लागलं. १९६३ पासून रोजच्या मालिका आल्या, मग तर संध्याकाळी बाहेर पडायचं कारणच उरलं नाही.

गाण्यांचं पण झालं. कार्निवलचं गाणं आधी सिनेमात वाजवून गाजवायचं ही सोय टीव्हीने काढून घेतली, आणि पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी बोसा नोव्हा हा नवीन संगीतप्रकार आल्यावर शहरातली शिकलेली मुलं तिकडे वळली. अत्लांतिदाने १९६२ मध्ये शेवटचा सिनेमा काढला आणि निर्मिती थांबवली.

आता माझ्या जुन्या भांडणाकडे येते. परत आल्यावर पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत ब्राझीलचा आठवडा ठरला होता. मी म्हटलं मी एक शांशादा आणते, मराठी सबटायटल्स करून देते, पोर्तुगीज येणाऱ्यांची मला गरज नाही, मीच करते. मांगाचा १९५९ चा 'ओ ओमें दो स्पुतनिक' घेतला. खेड्यातल्या साध्या माणसाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर काहीतरी येऊन पडतं, तो म्हणतो हा स्पुतनिक आहे, आणि अमेरिकन, रशियन, फ्रेंच हेर त्याच्या मागे लागतात. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर बसून केलं. ओस्कारितो बायकोशी बोलतो ते बोलणं मराठीत आणायला मला सातारकडच्या माझ्या आत्याचं बोलणं आठवावं लागलं, पुस्तकी मराठीत ते मरत होतं. फाईल घेऊन मीटिंगला गेले तर तिथले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सगळे सर म्हणतात, न बघता म्हणाले, "अहो, हा पिटातल्यांचा सिनेमा. तिथल्या लोकांची अभिरुची सुधारली आणि तो आपोआप बंद पडला. आपण ग्लॉबेर रोशा दाखवतोय, ते पुरेसं आहे." बाकी कोणी काही बोललं नाही. मी फाईल पर्समध्ये ठेवली आणि चहा न घेता निघाले.

ग्लॉबेर रोशा मोठा दिग्दर्शक आहे ह्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी त्याचे सिनेमे दोनदा-तीनदा बघितलेत. पण सर, अभिरुची सुधारली म्हणता तर रोशाच्या आणि त्याच्या बरोबरच्यांच्या 'सिनेमा नोव्हो' चळवळीतल्या, गरिबीवरच्या गंभीर सिनेमांना लोकांनी गर्दी करायला हवी होती ना? केली नाही. ज्यांच्या भुकेवर ते सिनेमे होते ते लोक आत आलेच नाहीत, आणि हे त्या दिग्दर्शकांनाही कळत होतं. मग १९६९ मध्ये त्यांच्यातल्याच झोआकीं पेद्रो दे आंद्रादेने 'माकुनाइमा' काढला आणि तो मात्र धो धो चालला. का चालला? सिनेमाच्या सुरुवातीलाच पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बाळ म्हणून जन्माला येतो आणि भोकाड पसरतो, आणि तो माणूस कोण, तर ग्रांदे ओतेलो. वेण्यांचा टोप घालून बाल्कनीत उभा राहिलेला तोच. शांशादाची सगळी वारुणी तिथे नवीन बाटलीत आहे. हा सिनेमा सोसायटीत दोन वर्षं आधी दाखवला होता आणि सरांनीच त्याच्यावर पाऊण तास भाषण दिलं होतं.

आणि दुसरं. कान्स महोत्सवातलं सगळ्यात मोठं बक्षीस, पाम दोर, ब्राझीलला मिळालं ते १९६२ मध्ये, अत्लांतिदा थांबली त्याच वर्षी. दिग्दर्शक आन्सेल्मो दुआर्ते. हा 'कार्नावाल नो फोगो'चा नायक, त्या सिनेमाची गोष्टही ह्याचीच. जो माणूस पिटातल्यांसाठी काम करत शिकला त्यानेच ते बक्षीस आणलं.

शांशादा हा शब्द पण शिवीसारखाच आहे, टीकाकारांनी चिकटवलेला. टाकाऊ सिनेमाला तिकडे 'आबाकाशी' म्हणायचे, म्हणजे अननस, आणि हे अननस कित्येक शांशादांच्या परीक्षणांत आहे. साओ पावलोच्या पैसेवाल्यांनी १९४९ मध्ये व्हेरा क्रूझ ही फिल्म कंपनी काढली ती ह्याच लाजेपोटी, युरोपातून तंत्रज्ञ आणून मोठा स्टुडिओ उभा केला, कान्समध्ये त्यांच्या 'ओ कांगासेइरो'ला बक्षीस पण मिळालं, पण वितरण परक्या कंपनीच्या हातात आणि १९५४ मध्ये दिवाळं. स्वस्तातल्या शांशादा त्यानंतर आठ वर्षं चालू होत्या.

एक मात्र मान्य करायला हवं, नाहीतर मी पण सरांसारखंच एका बाजूने बोलल्यासारखं होईल. सगळे शांशादा चांगले नव्हते. बरेचसे कार्निवल गाठायचा म्हणून घाईत उरकलेले आहेत, गाणी मध्येच कोंबलेली, काही तर मला दुसऱ्यांदा बघवले नाहीत. ओतेलोला ओस्कारितोपेक्षा कमी पैसे मिळायचे, नाव नेहमी दुसरं, आणि त्याच्या रंगावरचे विनोद आज बघताना लाज वाटते. त्याने अत्लांतिदा सोडली, १९५४ नंतर जोडी फुटली, आणि ते पण ऱ्हासाचं एक कारण आहे जे फार कोणी मोजत नाही. सत्तरच्या दशकात 'पोर्नोशांशादा' नावाचे जे आले त्यांचा ह्यांच्याशी नाव सोडून संबंध कमी आहे, ते शोधताना गल्लत करू नका.

तुम्हाला बघायचेच असतील तर आधी 'नें सांसाँव नें दालिला' बघा, १९५४ चा. बायबलमधल्या, केसांत ताकद असणाऱ्या सॅमसनची सगळी ताकद इथे टोपात असते आणि तो टोप एका न्हाव्याच्या डोक्यावर येतो, मग तो राज्य करायला लागतो आणि पुढाऱ्यासारखी भाषणं ठोकतो. त्या वर्षीचं ब्राझीलचं राजकारण थोडं वाचून बघितलात तर जास्त मजा येईल. मग स्पुतनिक.

रिओ सोडायच्या आधी आजींनी मला तिजुकातल्या साएन्झ पेन्या चौकात नेलं होतं. एके काळी तिथे एकाला लागून एक थिएटरं होती. एक आता चर्च आहे, दुसऱ्याच्या जागी दुकान. त्या चर्चच्या पायऱ्यांपाशी थांबल्या आणि बाबा कुठल्या बाजूला बसायचे ते हाताने दाखवलं, डावीकडे, भिंतीला टेकून, कारण तिथून उठून गेलं तरी कोणाला त्रास होत नाही. पण ह्या सिनेमांना ते कधी उठून गेले नाहीत, म्हणाल्या.

स्पुतनिकची मराठी सबटायटल्सची फाईल माझ्याकडे अजून आहे. एकदाही कुठे दाखवली गेलेली नाही. हवी असेल तर मेसेज करा, पाठवते. आई-वडिलांबरोबर बघणार असाल तर अक्षरं मोठी करून देते.