जुनी औषधे, नवे विषाणू : मुलीने या कामाकडे वळावे का?

बार्शीतील एका औषध दुकानदार पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी सोलापूरला बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकते. बाजारात आधीपासून असलेली औषधे एखाद्या विषाणूवर चालतात का, हे प्रयोगशाळेत तपासण्याचे काम करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. पालक विचारतात : “२०२० मध्ये लोक कोविडसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (हिवतापावरचे औषध) आणि पुढे आयव्हरमेक्टिन (जंतांवरचे औषध) मागायला दुकानात गर्दी करत होते. प्रयोगशाळेत विषाणू मेला, एवढेच त्यांनी ऐकले होते. नंतर दोन्ही औषधे बाद झाली. मग असल्या तपासणीत मुलीने उमेदीची वर्षे का घालवावीत? शिक्षण काय लागते, जिवाला धोका किती, पोटापाण्याचे काय? त्यापेक्षा तिने आपले दुकान पाहिले तर बिघडले कुठे?”

स. न. वि. वि.

आपल्या पत्रातला पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ‘एच-वन’ परिशिष्टात, म्हणजे कडक नोंदीने विकायच्या औषधांच्या यादीत, गेले आणि प्रत्येक विक्रीला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहिणे आपल्याला भाग पडले. त्या गर्दीच्या मागे जी काही कारणे होती, त्यांपैकी एक म्हणजे वुहानच्या संशोधकांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेला एक छोटा लेख. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचे जवळचे भावंड असलेले क्लोरोक्विन आणि रेमडेसिविर ही दोन्ही औषधे पेशींमधील नव्या कोरोना विषाणूची वाढ रोखतात, असे त्यात दाखवले होते. हा प्रयोग खोटा नव्हता. मात्र तो ज्या व्हेरो जातीच्या पेशींवर झाला, त्या आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून जपानमध्ये १९६२ साली तयार केलेल्या पेशी आहेत. या पेशींत विषाणू आम्लयुक्त पिशव्यांच्या वाटेने आत शिरतो, आणि क्लोरोक्विन त्या पिशव्यांची आम्लताच कमी करते, त्यामुळे वाट अडते. माणसाच्या फुप्फुसातील पेशींना विषाणूसाठी दुसरेही दार असते. तेथे पेशीच्या पृष्ठभागावरील एक विकर (एन्झाइम) त्याला थेट आत घेते, आणि त्या दारावर क्लोरोक्विनचा काही परिणाम होत नाही. जर्मन संशोधकांनी जुलै २०२० मध्ये हे दाखवून दिले, पण त्याच्या आधीच जूनमध्ये ब्रिटनमध्ये रुग्णांवर झालेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून रुग्णालयात दाखल झालेल्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा लाभ होत नाही, हे स्पष्ट झाले होते.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे. मेलबर्नच्या प्रयोगशाळेने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केले की या औषधाने पेशींमधील विषाणूचे प्रमाण ४८ तासांत सुमारे ५००० पटींनी घटले. मात्र त्यासाठी वापरलेली औषधाची तीव्रता ५ मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक) होती, आणि नेहमीच्या गोळ्या घेतल्यावर रक्तात मिळते त्यापेक्षा ती कितीतरी पटींनी जास्त होती. हा आकडा मूळ लेखात सर्वांसमोर छापलेला होता. तरीही मे २०२१ मध्ये गोव्यात १८ वर्षांवरील सर्वांना प्रतिबंधक म्हणून हे औषध देण्याची घोषणा झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतून दोन्ही औषधे वगळण्यात आली. चूक तपासणीची नव्हती, तपासणीतून काढलेल्या अर्थाची होती. हा अर्थ वेळेवर आणि नेमका सांगू शकणारी माणसे कमी पडली. आपली मुलगी तशी होऊ शकेल का, हेच या निवडीत पाहायचे आहे.

यश येतच नाही, असेही नाही. झिडोव्हुडिन हे औषध अमेरिकेत १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार झाले, तेथे ते उपयोगी पडले नाही आणि बाजूला पडले. पुढे एड्सच्या विषाणूवर ते पेशींमध्ये तपासले गेले आणि १९८७ मध्ये त्या रोगावरचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. उलट डेक्सामेथासोन हे आपल्या दुकानातले स्वस्त औषध कोविडमध्ये व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारे ठरले, पण ते विषाणूला मारत नाही, शरीराचा अतिरेकी दाह आवरते. नुसत्या विषाणू आणि पेशींच्या चाचणीत ते कधी सापडलेच नसते. मुलीला या कामाची मर्यादाही पहिल्याच दिवशी ठाऊक असावी.

आता प्रत्यक्ष काम काय असते, ते सांगतो, कारण पुष्कळ विद्यार्थी ‘संशोधन’ या शब्दावर भाळतात. प्लॅस्टिकच्या एका प्लेटमध्ये ८ ओळींत १२-१२ असे ९६ खळगे असतात. प्रत्येकात पेशी पसरून प्लेट रात्रभर ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी औषधाच्या उतरत्या तीव्रतांचे द्रावण आणि मोजून घेतलेला विषाणू त्यांत सोडतात. काही खळग्यांत फक्त पेशी, काहींत विषाणू पण औषध नाही, आणि काहींत औषध पण विषाणू नाही, अशी तुलनेची सोय ठेवावी लागते. दोन-तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली आजारी पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसतात. दुसऱ्या एका पद्धतीत क्रिस्टल व्हायोलेटने रंगवल्यावर जांभळ्या थरात जेथे विषाणूने पेशी खाल्ल्या तेथे स्वच्छ गोल छिद्रे दिसतात, आणि ती बसून मोजायची असतात. ज्या खळग्यांत विषाणू नाही, फक्त औषध आहे, ते सर्वांत महत्त्वाचे. औषधानेच पेशी मेल्या असतील, तर विषाणू वाढणार कशात? असा निकाल म्हणजे पीकच जाळून टाकून कीड गेली म्हणण्यासारखे आहे. त्यामुळे विषाणू निम्म्यावर आणणारी तीव्रता आणि निम्म्या पेशी मारणारी तीव्रता या दोन आकड्यांतील अंतर किती, यावर सारे ठरते. शंभर औषधे तपासली तर बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असेच येते, आणि ज्यांचे ‘हो’ येते त्यांतली पुष्कळ पुढच्या पायरीवर गळतात. हे ‘नाही’ न कंटाळता, आकडा न ओढता लिहिणे ज्याला जमते, त्यानेच या वाटेने जावे. मुलगी प्रात्यक्षिकाची वही कशी लिहिते, हे एकदा पाहा. फसलेला प्रयोगही ती जसाच्या तसा नोंदवत असेल, तर मी निम्मा निर्धास्त होईन.

शिक्षणाचे सांगायचे तर एम.बी.बी.एस. लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे आय.सी.एम.आर.च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एन.आय.व्ही.मध्ये, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा एम.एस्सी. विषाणुशास्त्र अभ्यासक्रम चालतो. तेथे जागा मोजक्या आणि चढाओढ मोठी असते, म्हणून सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानातील एम.एस्सी.चे अर्जही सोबत भरावेत. कोणताही अभ्यासक्रम मिळाला तरी दोन गोष्टींवर तडजोड करू नये. पहिली, पेशीसंवर्धनाचे, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे, हातात बसलेले कौशल्य, आणि दुसरी, औषधशास्त्रातील मात्रेचे गणित, म्हणजे गोळी पोटात गेल्यावर रक्तात किती पोहोचते, प्रथिनांना किती चिकटते आणि किती तासांत ओसरते. विषाणुशास्त्राचे विद्यार्थी दुसऱ्या विषयाकडे हमखास दुर्लक्ष करतात, आणि आयव्हरमेक्टिनचा गोंधळ नेमका तेथेच झाला. मिलिग्रॅम आणि ‘दिवसातून दोनदा’ ही भाषा तिने घरी काउंटरवर लहानपणापासून ऐकली आहे, हे तिचे भांडवल समजा.

धोक्याबद्दल आपली काळजी रास्त आहे, पण विषाणूंच्या प्रयोगशाळांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. डेंग्यूसारख्या विषाणूंवरचे काम साधारणपणे दुसऱ्या स्तराच्या प्रयोगशाळेत चालते, जिवंत कोरोना विषाणू वाढवण्यासाठी तिसरा स्तर लागतो, आणि निपाहसाठी चौथा, जो एन.आय.व्ही.ने पुण्यातील पाषाणला उभारला. वरच्या स्तरांवर प्रशिक्षण आणि देखरेखीशिवाय कुणालाही प्रवेश मिळत नाही. शिवाय डेंग्यूवर अद्याप मान्यताप्राप्त विषाणूरोधक औषध नाही. व्हिएतनाममध्ये क्लोरोक्विन आणि सिंगापूरमध्ये सेलगोसिविर रुग्णांवर वापरून पाहिले गेले, दोन्ही अपयशी ठरले. तेव्हा दुसऱ्या स्तरावरही करण्यासारखे खूप काही शिल्लक आहे.

नोकरीबाबत मी आपल्याला गुलाबी चित्र दाखवणार नाही. केवळ विषाणूरोधक औषधांची तपासणी करणारी पदे देशात थोडी आहेत, आणि एम.एस्सी. नंतर मिळणारी बहुतेक कामे प्रकल्पाच्या मुदतीपुरती, कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज करावे लागतात. स्वतःचा प्रश्न स्वतः मांडायचा असेल, तर पीएच.डी.ला पर्याय नाही. त्यासाठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट किंवा आय.सी.एम.आर.ची जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) परीक्षा द्यावी लागते. जानेवारी २०२३ पासून या पाठ्यवृत्तीचा दर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे पीएच.डी.च्या काळात आपल्यावर भार पडू नये, पण एम.एस्सी.ची दोन वर्षे मात्र आपल्यालाच पेलावी लागतील. पीएच.डी. करायची नसेल, तर पेशीसंवर्धन येणाऱ्या उमेदवाराला लस उत्पादक कंपन्यांचे गुणवत्ता विभाग आणि पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथील कंत्राटी संशोधन कंपन्या घेतात. तेथे विषाणूंचे काम मिळेलच असे नाही, पण हात रिकामे राहत नाहीत.

दुकानाचा प्रश्न आपण याच्यात मिसळू नये, असे सुचवतो. दुकानासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो आणि सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी तेथे चालत नाही. ‘नाहीच जमले तर दुकान आहेच’ हा दिलासा म्हणूनच कागदावर टिकत नाही. त्यासाठी तिला डी.फार्म. (औषधनिर्माणशास्त्राची पदविका) वेगळे करावे लागेल, आणि तसे ठरवायचे असेल तर एम.एस्सी.चे शुल्क भरण्याआधी ठरवावे. तोवर उन्हाळी सुट्टीत तिला एखाद्या महाविद्यालयीन किंवा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत चार-सहा आठवडे पेशीसंवर्धन करू द्या, विषाणू नसला तरी चालेल. बुरशी लागून तीन आठवड्यांच्या पेशी एका रात्रीत फेकून द्याव्या लागल्यावरही ती सोमवारी नव्या पेशी लावायला गेली, तर अर्ज भरायला हरकत नाही.