वाचकांचे प्रश्न : आयसीयूतले ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणजे नेमके काय?

अत्यवस्थ रुग्णांच्या उपचारांविषयी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून, नावे वगळून, त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वडिलांचे वय ६८, जुना मधुमेह. पायाची जखम चिघळली आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरला. आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, ‘सोफा स्कोअर अकरा आहे, फिफ्टी-फिफ्टी धरा.’ हा आकडा येतो कुठून? तो ऐकून आम्ही काय ठरवायचे? सोबत रिपोर्ट जोडले आहेत. (जुळे सोलापूर)

उत्तर : सोफा हा सहा गोष्टींचा हिशेब आहे : फुप्फुस, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड. प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण २४. गुण जितके जास्त, बिघाड तितका मोठा. ही पद्धत १९९६ साली प्रसिद्ध झाली.

तुमच्या रिपोर्टवरून बेरीज अशी होते. प्लेटलेट ८८ हजार, म्हणजे एक लाखाच्या खाली : २ गुण. यकृताचे बिलिरुबिन १.६ : १. मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन २.८ : २. हाक मारली की डोळे उघडतात, पण बोलणे थोडे असंबद्ध, शुद्धीचा स्कोअर १५ पैकी १३ : १. रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनालिन (नॉरॲड) दर किलोला मिनिटाला ०.०८ मायक्रोग्रॅम : ३. मास्कमधून साधारण ४० टक्के ऑक्सिजन देऊन धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन ७८. ७८ ला ०.४० ने भागले की १९५. व्हेंटिलेटर नसल्यामुळे त्याचे २. एकूण ११. डॉक्टरांची बेरीज बरोबर आहे.

आता ‘फिफ्टी-फिफ्टी’. याचा अर्थ एवढाच, की अशा अवस्थेतल्या शंभर रुग्णांपैकी निम्मे दगावतात. तुमचे वडील कोणत्या निम्म्यात, हे त्या आकड्याला माहीत नसते. शिवाय पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा तो पुढे कुठे सरकतो, हे जास्त बोलके असते. बेल्जियममधल्या एका आयसीयूतील ३५२ रुग्णांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या ४८ तासांत ज्यांचा सोफा वाढला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण किमान ५० टक्के होते. जैसे थे राहिलेल्यांत ते २७ ते ३५ टक्के आणि उतरलेल्यांत २७ टक्क्यांहून कमी होते, सुरुवातीचा आकडा काहीही असो. म्हणून पहिल्याच संध्याकाळी ‘आता घरी नेऊ’ किंवा ‘शेत विकू पण थांबायचे नाही’ असा कोणताच निकाल लावू नका. ४८ ते ७२ तासांची मुदत ठरवा आणि त्या दिवशी बसून पुन्हा बोलू, असे डॉक्टरांना सांगा.

बेरीज चुकण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. झोपेचे औषध चालू असताना मोजलेली शुद्ध खरी नसते. क्रिएटिनिन आजारापूर्वीच २ असेल, तर त्याचे गुण या आजाराच्या खात्यात टाकता येत नाहीत. यासाठी मधुमेहाच्या तपासणीचे मागच्या वर्षीचे रिपोर्ट शोधून डॉक्टरांना दाखवाच, घरच्या माणसाने करण्यासारखे सर्वांत उपयोगी काम तेच आहे.

आणि या सगळ्या हिशेबात एक गोष्ट कुठेच नाही : पायातला पू निघाला का? साचलेल्या पुवापर्यंत आणि मेलेल्या मांसापर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही. सर्जन ‘पेशंट जरा स्थिर होऊ दे’ म्हणतात आणि निचरा न झाल्यामुळे पेशंट स्थिर होत नाही, या फेऱ्यात दोन दिवस जातात. रोज स्कोअर विचारण्यापेक्षा चार प्रश्न विचारा. निचरा पूर्ण झाला का? नॉरॲडचा डोस काल किती, आज किती? लघवी तासाला किती मिली? कल्चरमध्ये कोणता जंतू आला आणि औषध त्यानुसार बदलले का?

प्रश्न : बार्शीत आईचा अपाचे स्कोअर १८ सांगितला, दुसऱ्या दिवशी सोलापुरात २६. एका रात्रीत इतकी तब्येत ढासळली, की कोणीतरी चुकले? (बार्शी)

उत्तर : दोन्ही नसेल. अपाचे-२ हाही आजाराची तीव्रता मोजणारा स्कोअर. त्यात १२ मोजमापे, वय आणि जुने आजार धरतात. कमाल गुण ७१. आयसीयूतल्या पहिल्या २४ तासांतली सर्वांत वाईट नोंद घ्यायची असते. शुद्धीचे गुण १५ मधून वजा करून येतात. तुमच्या पत्रानुसार वाटेत श्वासनळीत नळी घातली आणि झोपेचे औषध दिले. अशा पेशंटची शुद्ध कोणी ३ लिहिली, तर एकट्या त्या रकान्यातून १२ गुण चढतात. औषध देण्यापूर्वीची शुद्ध लिहायची असते. ती बार्शीच्या केसपेपरवर असेल, तो दाखवा.

उलटही घडते. आधीच्या रुग्णालयात सलाईन आणि नॉरॲड देऊन रक्तदाब सावरलेला असतो, म्हणून नव्या ठिकाणी गुण कमी पडतात आणि धोका आहे त्यापेक्षा लहान दिसतो. शिवाय ही पद्धत १९८५ साली अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांतील ५,८१५ रुग्णांवरून बेतलेली आहे. उपचार तेव्हापासून पुष्कळ बदलले आणि उशिरा, दोन-तीन ठिकाणांहून फिरून येणारा आपला पेशंट तिच्यात नाही. एका आयसीयूतल्या रुग्णांची दुसऱ्या आयसीयूशी तुलना करायला ती ठीक. एका माणसाचे भाकीत करायला नाही.

प्रश्न : डाळिंबावर फवारणी करताना भावाला विषबाधा झाली. एका डॉक्टरांनी ‘पॅम’ सुरू केले, दुसऱ्यांनी ‘उपयोग नाही’ म्हणून बंद केले. खरे कोणाचे? (सांगोला तालुका)

उत्तर : पॅम (प्रॅलिडॉक्सिम) हा या विषावरचा एक उतारा. त्याबाबत दोघांच्याही पाठीशी संशोधन आहे आणि त्यातले एक तर आपल्या शेजारचे, बारामतीचे. ते २००६ साली प्रसिद्ध झाले. ऑर्गनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटाच्या मध्यम तीव्रतेच्या विषबाधेचे २०० रुग्ण. सर्वांना आधी २ ग्रॅम पॅम. मग निम्म्यांना ४८ तास सलग तासाला १ ग्रॅम, उरलेल्यांना दर ४ तासांनी १ ग्रॅम. सलग दिलेल्या गटात १ टक्का दगावले, दुसऱ्यात ८ टक्के. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या २३५ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे तुलना पॅम आणि नुसते सलाईन यांची होती. पॅमच्या गटात २४.८ टक्के मृत्यू, सलाईनच्या गटात १५.८ टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, पण फायदा तर दिसलाच नाही.

दोन्ही अभ्यास नीट वाचले तर भांडण मिटते. बारामतीचा प्रश्न ‘पॅम कसे द्यावे’ हा होता, श्रीलंकेचा ‘द्यावे की नाही’ हा. रुग्णांची तीव्रताही सारखी नव्हती. तिसरा मुद्दा विषाच्या जातीचा. डायमेथोएटसारखे विष शरीरातल्या एन्झाइमला असे जखडते, की काही तासांतच पॅमला ते सोडवता येत नाही. क्लोरपायरीफॉसमध्ये हा अवधी दिवसाहून मोठा असतो. म्हणून औषधाची बाटली किंवा निदान लेबल पेशंटबरोबर गेलेच पाहिजे. ‘फवारणीचे होते’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

वाद पॅमचा आहे, ॲट्रोपिन या दुसऱ्या उताऱ्याचा नाही. जीव वाचतो तो आधी ॲट्रोपिनने, आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. आपल्याकडची ॲम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमची. सुरुवात साधारण तीन ॲम्प्यूलने, मग दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट. छातीतली घरघर थांबून आवाज स्वच्छ झाला, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर आणि काखा कोरड्या झाल्या, की डोस पुरला. नंतर तोवर लागलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला सलाईनमधून. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून हात आखडता घेणे ही नेहमीची चूक. दुसरी चूक उलट : पेशंट बडबडतोय, अंग तापलेय, पोट फुगलेय, तरी डोस चालूच.

घरच्यांनी पाहायची खूण वेगळी. पहिल्या दिवशी पेशंट सुधारतो, सगळे निर्धास्त होतात आणि २४ ते ९६ तासांत श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात. सर्वांत आधी मान जाते. उताणे निजवून ‘डोके उशीवरून उचल’ म्हणा. नाही उचलता आले, तर सिस्टरना लगेच सांगा. व्हेंटिलेटर नसलेल्या ठिकाणी असाल, तर हलवण्याची वेळ हीच.

शेतात असताना अंगावरचे कपडे काढून साबण-पाण्याने धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घाला. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. औषध जाणूनबुजून घेतले असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : आयसीयूत साखर १७० असूनही इन्शुलिन वाढवत नाहीत. हा हलगर्जीपणा नाही का? (विजापूर रोड)

उत्तर : नाही. २००९ साली ६,१०४ रुग्णांवर याचीच परीक्षा झाली. साखर ८१ ते १०८ मध्ये बांधून ठेवलेल्या गटात ९० दिवसांतले मृत्यू २७.५ टक्के, १८० पर्यंत मोकळीक दिलेल्या गटात २४.९. कडक गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रसंगही कितीतरी जास्त. १७० चालते.

प्रश्न : सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) एक डॉक्टर धडाधड सलाईन लावतात, दुसरे ‘फुप्फुसात पाणी होईल’ म्हणून थांबवतात. नियम काय? अक्कलकोटहून सोलापूरला पोचेपर्यंत आम्ही काय करून घ्यावे? (अक्कलकोट)

उत्तर : २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब फार उतरून अवयवांना रक्त अपुरे पडते तेव्हा, पहिल्या ३ तासांत दर किलोला किमान ३० मिली. ६० किलोच्या माणसाला १,८०० मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या साडेतीन-चार बाटल्या. पण ही शिफारस आधी ठाम होती, ती २०२१ मध्ये सौम्य झाली. त्यानंतर किती, याबद्दल अमेरिकेतल्या १,५६३ रुग्णांच्या २०२३ च्या अभ्यासात हात राखून सलाईन आणि सढळ सलाईन यांत मृत्यू १४.० आणि १४.९ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. आफ्रिकेतल्या तापाच्या मुलांत मात्र २०११ साली चित्र उलटे निघाले. झपाट्याने सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत सुमारे १०.५ टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३. तिथे व्हेंटिलेटरची सोय नव्हती. यातला बोध आमच्या मते सरळ आहे. पहिली बाटली न घाबरता, पुढची प्रत्येक बाटली पेशंट तपासून.

तपासण्याची एक बिनखर्ची रीत आहे. बोटाच्या टोकावर काच दाबून ते पांढरे करायचे, १० सेकंद तसेच धरायचे आणि सोडायचे. रंग परतायला ३ सेकंदांहून जास्त लागले, तर रक्तपुरवठा अजून अपुरा आहे. लघवी तासाला दर किलोला अर्धा मिली, म्हणजे ६० किलोला ३० मिली, व्हायला हवी. दोन-तीन बाटल्यांनंतरही रक्तदाब उठत नसेल, तर नॉरॲडला उशीर नको. मोठ्या शिरेतली नळी घातलेली नसली, तरी कोपराच्या खळीत किंवा तिच्या वरच्या शिरेतून ते तात्पुरते सुरू करता येते. ‘सोलापूरला गेल्यावर बघू’ म्हणत कमी रक्तदाबाचा पेशंट रस्त्याला लावणे महागात पडते.

शॉक असेल तर अँटिबायोटिक तासाभरात हवे, म्हणून पहिला डोस अक्कलकोटलाच घ्या. जमल्यास आधी कल्चरसाठी रक्त काढून घ्यावे, पण त्यासाठी डोस अडवू नये. रेफर चिठ्ठीवर औषधाचे नाव, दिल्याची वेळ, किती सलाईन गेले, लघवी किती झाली आणि पेशंटचे वजन लिहून घ्या. वेळ लिहिलेली नसेल, तर इकडे एकतर डोस दुबार होतो किंवा चुकतो.

प्रश्न : सासरे बेशुद्ध आहेत. रुग्णालय त्यांना एका नव्या औषधाच्या अभ्यासात घेऊ म्हणते आणि आमची सही मागते. सासूबाईंना तेलुगूच नीट समजते. सही करावी का? (अशोक चौक परिसर)

उत्तर : करावी की नाही हे तुमचे तुम्हीच ठरवायचे. विचारून काय घ्यायचे, तेवढे आम्ही सांगतो.

माहितीपत्रक आणि संमतीपत्र सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावे लागते. सासूबाई सही करणार असतील, तर तेलुगू प्रत मागा. वाचता येत नसेल, तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. एक प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. सासरे शुद्धीवर आले, की त्यांची स्वतःची संमती पुन्हा घ्यायची असते, आणि ते ‘नको’ म्हणू शकतात. नकार दिल्याने चालू उपचारांत काही कमी करता येत नाही. अशा अभ्यासाची नोंद सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत होते आणि नोंदणी क्रमांक याच अक्षरांनी सुरू होतो. १५ जून २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. क्रमांक विचारून इंटरनेटवर पाहा आणि अभ्यासाचे नाव जुळते का ते बघा.

‘दोन गट आहेत’ असे सांगतील. दुसऱ्या गटाला काय मिळणार, हे स्पष्ट विचारा. नेहमीचे उपचार दोन्हीकडे चालू राहणार आणि नवे औषध किंवा नुसते सलाईन ही वरची भर असेल, तर एक गोष्ट. नेहमीचे एखादे औषधच काढणार असतील, तर गोष्ट वेगळी. ‘नवे म्हणजे चांगलेच’ असे धरू नका. सेप्सिसमध्ये शिरेतून व्हिटॅमिन सी देण्याची मध्यंतरी लाट आली होती. २०२२ च्या अभ्यासात २८ दिवसांत मृत्यू किंवा अवयव निकामी राहणे हे त्या गटात ४४.५ टक्के निघाले, नुसत्या सलाईनच्या गटात ३८.५.

भरपाईचा परिच्छेद वाचल्याशिवाय सही नको. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत. चाचणीमुळे मृत्यू झाला, तर ८ लाख ही पायाभूत रक्कम धरून वय आणि आधीच असलेला धोका यांवरून भरपाई काढतात. पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ९० टक्के किंवा अधिक असेल, तर ती सरळ २ लाख ठरते. म्हणून भरती होताना सासऱ्यांचा धोका किती टक्के नोंदवला आणि कशाच्या आधारे, हे त्याच वेळी लेखी मागून ठेवा.