वही कोर्टात गेली तर?

“मॅडम, नवरा काय बोलतो ते मी रोज लिहून ठेवते. हे कोर्टात चालेल का? आणि त्याला न सांगता लिहिलं, हा गुन्हा तर नाही ना?” घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या अनेक जणी हा प्रश्न विचारतात, आणि अलीकडे काही पुरुषही. एका ताईंनी तर वहीच माझ्यासमोर उघडली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). एका पानावर होते: “14 तारीख, रात्री साडेनऊ. ‘पगार माझ्या खात्यात वळव, नाहीतर माहेरी जा.’ सासूबाई समोर होत्या.” त्याच्याच खाली होते: “कधी वाटतं, मुलाला जन्मच द्यायला नको होता.”

आपल्याशी झालेले बोलणे स्वतःसाठी लिहून ठेवणे हा गुन्हा नाही, हे मी त्यांना आधी सांगितले. मात्र केवळ वहीत लिहिले म्हणून ते सिद्ध होत नाही; शपथेवर साक्ष द्यावीच लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 162 नुसार, घटना घडताना किंवा ती मनात ताजी असताना केलेली नोंद पाहून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते, आणि म्हणूनच तारीख, वेळ, नेमके शब्द व हजर असलेली माणसे त्याच दिवशी टिपलेली बरी. कुटुंब न्यायालयाला तर 1984 च्या कुटुंब न्यायालय अधिनियमातील कलम 14 नुसार, वाद सोडवायला उपयोगी वाटेल ते कागदपत्र पुराव्याच्या काटेकोर नियमांपलीकडे जाऊनही विचारात घेता येते.

ताईंना ठाऊक नव्हते ते पुढचेच. अशी नोंद वापरली की साक्ष्य अधिनियमाच्याच कलम 164 नुसार विरुद्ध पक्षाला ती पाहण्याचा आणि तिच्यावर उलटतपासणी घेण्याचा हक्क मिळतो. मुलाच्या ताब्याचा वाद असताना ती खालची ओळ समोरच्या वकिलांच्या हाती पडली, तर थकलेल्या आईचा तो उद्गार तिच्याच विरोधात वाचला जाईल, याची मला खरोखर काळजी वाटली.

त्यामुळे घटनांची वही वेगळी आणि मनातले लिहिण्याची वेगळी ठेवा, असे मी सुचवले. जुन्या वहीतले एकही पान फाडू नका किंवा नव्याने लिहून काढू नका, कारण त्याने खऱ्या नोंदींवरचाही विश्वास जातो; ती वही आहे तशीच वकिलांना दाखवा, हेही बजावले. मुलाबद्दलच्या ओळीवर आम्ही पुढच्या भेटीत सविस्तर बोललो आणि त्यांची झोप पार उडालेली असल्याने त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.