आधी मागायला जा

चि. बेटा, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. भरिताचा डबा तू शेजारच्या आजींना नेऊन दिलास, त्यांनी तो हसून घेतला आणि दोन दिवसांनी धुतलेला डबा आभाराच्या चिठ्ठीसह तुझ्या पायपुसण्यावर ठेवलेला सापडला. एवढ्यावरून जर्मन माणसे कोरडी असतात, असे तू ठरवून टाकलेस. मला ते मुळीच पटत नाही. अनोळखी पोरीने अचानक उपकार केला, तर तो फेडून मोकळे व्हावेसे कोणालाही वाटते. तू आधी द्यायला गेलीस; आधी मागायला जायचे असते.

आपल्या जळगावकडे शेजार कसा जुळतो ते आठव. बामणोदची वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवर भाजली, तरी ती ठेचायला लागणारी बडगी प्रत्येक घरात नसते; ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडून ती मागून आणायची, आणि बडगी परत जाताना सोबत वाटीभर भरीत जायचे, ज्याचे आभार कोणी मानत नाही. उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करताना शिजवलेले पीठ गरम असेपर्यंतच थापावे लागते आणि ते एकटीच्या हातांनी उरकत नाही, म्हणून गल्लीतल्या बायकांना हाक मारावीच लागते. शेजार या गरजेतून उभा राहतो. आणि कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत म्हणून आपण कधी कोणावर रुसतो का? प्रत्येक घराला आपली मर्यादा असते, तशी आजींनाही आहे.

तू मात्र लिहितेस, ‘मागायला लाज वाटते.’ ही लाज मला कळते आणि तिचा संतापही येतो. अगं, तिथे रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. तुझे पार्सल तू घरी नसताना शेजारीच घेऊन ठेवतात. मागण्याची सोय त्या देशानेच करून ठेवली आहे!

मी स्टुटगार्टला असताना एका रविवारी वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे दोन कांदे मागायला गेलो. कांदे देताना त्यांनी मला दारातच थांबवून, यांचे काय करणार, असे विचारले. संध्याकाळी शेवभाजीची वाटी घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला आत बसवले, तिखटाने डोळे पुसत ती संपवली आणि पुढच्या आठवड्यात आलुबुखाऱ्याचा केक घेऊन स्वतः खाली आले. आपलेच काही लोक म्हणत, हा दारोदार मागत फिरतो, आपली अब्रू घालवतो. घालवली असेन. पण त्या अब्रूदारांच्या घरची घंटा कुरिअरवाल्याशिवाय कोणी वाजवत नव्हते, हेही मी पाहिले आहे. मला सल आहे तो एवढाच, की तो केक कसा करतात हे त्यांना विचारायचे राहून गेले आणि आता विचारायला ते नाहीत.

तेव्हा परत जा, पण रिकाम्या हाताने. बाल्कनीत कोळशावर वांगी भाजू का, असे तू मला विचारतेस. ते आजींना विचार. भाडेकरारात बहुधा मनाई असेल, घरात भाजलीस तर छताचा धुराचा अलार्म वाजेल, आणि ओव्हनच्या ग्रिलवर धुराची चव येणार नाही. तरी त्यांच्या तोंडून ऐक. दाणे चालतात का, हेही विचार, कारण युरोपात खाद्यपदार्थांवर ज्या 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची नोंद करावी लागते, त्यांत शेंगदाणे आणि तीळ दोन्ही आहेत, आणि आपले भरीत दाण्यांशिवाय होत नाही. मागच्या डब्याच्या वेळी तू हे विचारले नाहीस, याचे मला वाईट वाटले.

कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ पोहोचले, पण पुऱ्या तळायला खोल कढई नाही, असे लिहिले आहेस. नवी विकत घेऊ नकोस. आजींकडे असेल.

तुझे काका