वडिलांच्या न्याहारीत गव्हाचा कोंडा : किती, कसा आणि कशासाठी

तुम्ही विचारले आहे, की ६८ वर्षांच्या वडिलांचे पोट दोन-दोन दिवस साफ होत नाही आणि डॉक्टरांनी तंतुमय पदार्थ वाढवायला सांगितले आहेत, तर रोजचे पोहे-उपमा बंद करून त्यांना ब्रॅनचे (म्हणजे कोंड्याचे) सीरिअल सुरू करावे का. त्यांचे कोलेस्टेरॉलही थोडे वाढलेले असल्याने एकाच वाटीत दोन्ही कामे व्हावीत, अशी तुमची इच्छा दिसते. मी गेली अकरा वर्षे सकाळी गव्हाचा कोंडा खात आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की कोंडा जरूर सुरू करा, पण पोहे बंद करू नका आणि कोलेस्टेरॉलचे काम या कोंड्यावर सोपवू नका.

गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण १४-१५ टक्के कोंडा असतो आणि त्यातले बहुतेक तंतू पाण्यात न विरघळणारे असतात. आतड्यातल्या जंतूंनाही ते पुरते पचवता येत नाहीत, त्यामुळे ते शेवटपर्यंत टिकतात, पाणी धरून ठेवतात, मळाचे आकारमान वाढवतात आणि त्याला पुढे सरकवतात. यासाठी दिवसाला गव्हाच्या कोंड्यातले किमान १० ग्रॅम तंतू पोटात जावे लागतात, हे प्रमाण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केले. लक्षात घ्या, हे वजन तंतूंचे आहे, कोंड्याचे नव्हे. निव्वळ कोंड्यात तंतू सुमारे ४३ टक्के असल्याने १० ग्रॅमसाठी साधारण २५ ग्रॅम कोंडा लागतो. कोंडा जाडसर असावा, कारण पिठासारखा बारीक दळलेला कोंडा हे काम नीट करत नाही आणि काहींना त्याने उलट अधिकच घट्ट होते.

कोलेस्टेरॉलसाठी उपयोगी पडतो तो ओटचा कोंडा किंवा साधे ओट. त्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो आणि पित्तातली आम्ले आपल्याबरोबर बाहेर नेतो. ती पुन्हा तयार करण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण धरले, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम ओट. वडिलांना लापशी आवडत असेल तर आठवड्यातले काही दिवस ओटची लापशी करा, परंतु गव्हाच्या कोंड्याकडून त्या कामाची अपेक्षा ठेवू नका.

आता बाजारातल्या सीरिअलच्या डब्यांविषयी, कारण फसगत होते ती इथेच. आपल्याकडच्या नियमानुसार १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम तंतू असले तरी पाकिटावर ‘हाय फायबर’ असे छापता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत गव्हाच्या आट्यात ११ ग्रॅमहून अधिक आणि ज्वारीत १० ग्रॅमहून अधिक तंतू दिलेले आहेत. म्हणजे आपली रोजची पोळी-भाकरीही या कसोटीला सहज उतरते. म्हणून पुढच्या बाजूची अक्षरे न वाचता मागचा तक्ता वाचावा. शेवयांच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या तपकिरी काड्यांच्या प्रकारात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या आसपास तंतू मिळतात, ब्रॅन फ्लेक्समध्ये साधारण १५ आणि कॉर्नफ्लेक्समध्ये जेमतेम ३. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, तेव्हा पहिले नाव कोंड्याचे आहे की नुसत्या गव्हाचे, आणि साखर कितवी आहे, हे पाहा. मनुके घातलेले प्रकार वडिलांसाठी घेऊ नका, त्यात साखर फार असते.

डबा आणायचाच असे मात्र नाही. आपल्या कित्येक घरांत गिरणीतून आणलेले पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देतात आणि मग तोच कोंडा विकत आणतात, हे मला मनापासून खटकते. ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ असे म्हणणाऱ्यांच्या लेखी कोंडा हे गरिबीचे खाणे होते, म्हणून तो टाकून देण्यात प्रतिष्ठा वाटू लागली असावी. पहिले काम म्हणून पीठ चाळणे थांबवा. चाळलेच, तर निघालेला कोंडा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून, गार करून घट्ट झाकणाच्या बरणीत शीतकपाटात ठेवा. त्यात थोडा स्निग्धांश असल्याने बाहेर तो लवकर खवट होतो. गुरांसाठी विकला जाणारा कोंडा मात्र खाण्यात वापरू नये.

सुरुवात कशी करावी, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. पहिल्याच दिवशी वाटीभर काड्या गरम दुधात घालून खाल्ल्या, वर चहा घेतला आणि पाणी नेहमीइतकेच प्यायलो. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखे ताणले होते आणि शौचाला पूर्वीपेक्षा घट्ट होत होते. आमच्या डॉक्टरांनी ते थांबवून एका चमच्यापासून पुन्हा सुरुवात करायला लावली. वडिलांनाही पहिला आठवडा एक मोठा चमचा, पुढच्या आठवड्यात दोन, अशा बेताने वाढवत तीन-चार आठवड्यांनी पूर्ण प्रमाणावर आणा आणि दिवसभरात दोन पेले पाणी जास्त द्या. दुधात काड्यांचा लगदा होतो आणि तो पुष्कळांना नकोसा वाटतो. ताज्या दह्यावर पसरून लगेच खाल्ल्या तर त्यांचा कुरकुरीतपणा टिकतो. दोन घासांत एक फोड पपईची घ्यावी, वडील आवडीने खातील. पोह्यांच्या बशीत तंतू जेमतेम दोन ग्रॅम असतात हे खरे, परंतु आयुष्यभराची सवय मोडली की माणूस आठवडाभरात नव्या खाण्यालाही कंटाळतो, म्हणून पोह्यांत मटार घाला आणि कोंड्याची वाटी शेजारी ठेवा.

काही बाबतींत सावध राहायला हवे. वारंवार पोटात मुरडा येणे आणि फुगणे असा त्रास असेल, तर गव्हाच्या कोंड्याने तो वाढतो. अशांना इसबगोल अधिक मानवते. ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन न चालणाऱ्यांना हा कोंडा वर्ज्य आहे. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. कोंड्यातील फायटेट या घटकामुळे लोह कमी शोषले जाते, म्हणून लोहाची गोळी न्याहारीबरोबर देऊ नका. थायरॉइडची गोळी असेल तर ती उपाशीपोटी देऊन निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

वडिलांची ही तक्रार जुनी आहे की अलीकडची, हे तुम्ही लिहिलेले नाही. या वयात शौचाची सवय एकाएकी बदलली असेल, रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर कोंड्याचा प्रयोग बाजूला ठेवून आधी आतड्याची तपासणी करून घ्या.